सुजलेला पंजा, आखडलेला हात: आमवात, प्रतिकारपेशी आणि प्रयोगशाळेतले उंदीर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात काजूचा हंगाम आला की ओसरीवर बायका काजूगर सोलायला बसतात. अशाच एका सकाळी आईच्या हातातून सुरी दोनदा निसटली. "बोटां वळनत नाय," एवढंच ती म्हणाली. दहा वाजेपर्यंत हात सैल पडला आणि सगळे विसरून गेले. दुसऱ्या दिवशी तेच, महिन्याभरानंतरही तेच. त्या आजाराचं नाव कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. पुढे मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत सहा वर्षं उंदरांच्या सांध्यांवर काम केलं. आता गावी असते. शेजारच्या काकू, कॉलेजची मुलं, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेली माणसं मला बहुतेक हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी डॉक्टर नाही. कुणाचं कुठलं औषध सुरू किंवा बंद करायचं ते सांधेविकारतज्ज्ञांनाच विचारा.

आमवात म्हणजे आपला नेहमीचा वातच ना?

नाही, आणि या एका गैरसमजापायी आपल्याकडे माणसांची वर्षं वाया जातात. आपण सगळ्याच सांधेदुखीला 'वात' म्हणतो. वयानुसार गुडघा झिजतो तो वेगळा आजार, युरिक ॲसिडचे खडे साठून अंगठा सुजतो तो वेगळा. इथे मी बोलतेय ते डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात त्याबद्दल. सोयीसाठी 'आमवात' हा शब्द वापरते. आयुर्वेदातला आमवात आणि हा आजार तंतोतंत एकच आहेत असं मात्र समजू नका.

खुणा साधारण अशा: हातापायांचे छोटे सांधे दोन्ही बाजूंना सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर किंवा जास्त वेळ बोटं आखडलेली राहतात आणि कामाला लागल्यावर हळूहळू मोकळी होतात. झिजलेल्या गुडघ्याचं उलट असतं, तो कामाने दुखतो आणि बसल्यावर बरा वाटतो. आमवात पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पटींनी जास्त होतो. तीसचाळिशीतही होतो. "अजून वय कुठे झालंय" म्हणून दुर्लक्ष करू नका.

यात प्रतिकारशक्तीचा काय संबंध? ती तर आपल्याला वाचवते.

वाचवतेच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू ओळखतात, मारतात, पुन्हा आला तर लक्षात ठेवतात. या ओळखीत चूक झाली आणि स्वतःच्याच शरीरातली प्रथिनं परकी वाटू लागली की त्याच पेशी घरावर उठतात. आमवातात त्या सांध्याच्या आतल्या पातळ अस्तरात घुसतात. एरवी कागदासारखं असलेलं ते अस्तर जाड होतं, त्यात पाणी साठतं, शेजारची गुळगुळीत कूर्चा आणि तिच्याखालचं हाड कुरतडलं जातं. चूक नेमकी का होते याचं एकच उत्तर नाही. काही घराण्यांत प्रतिकारपेशींच्या ओळखीशी संबंधित जनुकांचा ठरावीक प्रकार चालत आलेला असतो, विडी-सिगारेटने धोका वाढतो, आणि सूज दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून रक्तात चुकीची प्रतिपिंडं (अँटीबॉडी, म्हणजे परक्या गोष्टीला चिकटणारी प्रथिनं) सापडू शकतात. अँटी-सीसीपी नावाची रक्ततपासणी शोधते ती हीच प्रतिपिंडं.

मग माणसांचाच अभ्यास करा. उंदीर कशाला मधे?

माणूस दवाखान्यात येतो तेव्हा आग लागून बराच काळ लोटलेला असतो. ठिणगी कुठे पडली हे तेव्हा दिसत नाही. उंदराच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून पाहता येतं. एक प्रकारची पेशी काढून टाकली तर सूज येते का, ती परत घातली तर येते का, असा प्रश्न थेट विचारता येतो. माणसाच्या शरीरातली एक पेशी काढून "बघू काय होतं" असं करता येत नाही आणि करूही नये.

उंदरांना आमवात आपोआप होतो का?

साध्या उंदराला नाही होत, घडवून आणावा लागतो. सगळ्यात रुळलेली पद्धत कोलॅजेनची. 1977 साली अमेरिकेत असं दिसलं की कूर्चेतलं मुख्य प्रथिन, म्हणजे दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन, तेलात घुसळून मोठ्या उंदरांना (इंग्रजीतले रॅट) टोचलं तर त्यांचे सांधे सुजतात. 1980 मध्ये लहान उंदरांतही (इंग्रजीतले माउस) तेच जमलं, पण सगळ्या जातींत नाही. डीबीए/1 नावाची जात त्यासाठी लागते, कारण तिची जनुकंच तशी आहेत. माणसांतही हा आजार जनुकं बघूनच शिरतो, त्यामुळे ही मर्यादा मला उणीव वाटत नाही. तीच तर या उंदराची कामाची गोष्ट आहे.

हे काम हाताने कसं होतं ते सांगते, कारण त्याशिवाय 'प्रयोग' हा शब्द पोकळ राहतो. गाईच्या किंवा कोंबडीच्या कूर्चेतलं कोलॅजेन पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये रात्रभर थंडीत विरघळत ठेवायचं. सकाळी बर्फावर ठेवून ते फ्रॉइंडच्या मिश्रणात घुसळायचं. या मिश्रणात खनिज तेल असतं आणि उष्णतेने मारलेले क्षयरोगाच्या कुळातले जंतू. त्या मेलेल्या जंतूंचा वास लागला की प्रतिकारपेशी खडबडून जाग्या होतात. घुसळता घुसळता ते लोण्यासारखं घट्ट पांढरं होतं. झालं की नाही हे पाहायला एक थेंब पाण्यात सोडायचा. पसरला तर पुन्हा घुसळा, गोळी धरून तरंगला तर जमलं. नारळाचं दूध फुटलं की सोलकढी बिघडते हे ज्याला माहीत आहे त्याला हा थेंब लगेच कळेल. मग शेपटीच्या मुळाशी एक टोचणी, एकविसाव्या दिवशी दुसरी, आणि पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत एखादं बोट लाल दिसू लागतं.

रोज प्रत्येक पंजाला शून्य ते चार गुण द्यायचे. चार पंजे मिळून जास्तीत जास्त सोळा. जाडी कॅलिपरने मोजायची. निरोगी मागचा पंजा साधारण दोन मिलिमीटर जाड असतो, सुजला की तीनपर्यंत जातो. एक मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. वीस-पंचवीस ग्रॅमच्या जिवाला तेवढ्यात पाऊल टेकवता येत नाही. पहिल्यांदा तो पंजा बोटांत धरला तेव्हा मला विळीवर नारळ खवायला बसलेली आई दिसली. सांध्यावर तोच ताणलेला, चकचकीत तुकतुकीतपणा.

असे आजारी उंदीर किती प्रकारचे असतात?

बरेच. मला महत्त्वाचे वाटतात ते सांगते.

सगळ्यात जुना 1956 चा. कार्ल पिअरसन यांनी मोठ्या उंदरांना नुसतं फ्रॉइंडचं मिश्रण टोचलं, कोलॅजेन नाहीच, तरी दहा-चौदा दिवसांत सांधे सुजले. वेदनाशामक गोळ्या तपासायला तो अनेक वर्षं वापरला गेला.

के/बीएक्सएन हा उंदीर 1996 साली चक्क अपघाताने सापडला. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला दियान मॅथिस आणि क्रिस्तोफ बेन्वा यांच्या गटाने वेगळ्याच कामासाठी बनवलेल्या उंदराची मधुमेही जातीच्या उंदराशी पैदास केली आणि पिल्लांचे पाय सुजू लागले. पुढे कळलं की त्यांच्या रक्तात जीपीआय नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं आहेत. साखर जाळण्याच्या कामातलं हे प्रथिन अंगातल्या प्रत्येक पेशीत असतं. मग फक्त सांधेच का? कारण कूर्चेच्या पृष्ठभागावर ते चिकटून बसतं, आणि रक्तातल्या पूरक प्रथिनांचा हल्ला थोपवणारी जी ढाल इतर पेशींवर असते ती तिथे नसते. शरीरभर पसरलेली चूक एका जागीच आग कशी लावते, याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. माणसांच्या आमवातात मात्र ही प्रतिपिंडं खात्रीची खूण म्हणून टिकली नाहीत.

जपानचा एसकेजी उंदीर 2003 चा. त्याच्या टी पेशींतल्या (टी आणि बी या पांढऱ्या पेशींच्याच दोन जाती, त्यांचं काम पुढे येतंच) झॅप-70 या प्रथिनात एक बदल आहे, त्यामुळे थायमस ग्रंथीत ज्या चुकीच्या पेशी गाळल्या जायला हव्यात त्या निसटून बाहेर येतात. गंमत अशी की अगदी निर्जंतुक पिंजऱ्यात तो ठणठणीत राहतो. बुरशीच्या भिंतीतला बीटा-ग्लुकान नावाचा घटक मिळाला की सांधे सुजतात. (हे ऐकून एका काकूंनी विचारलं होतं, "मग पावसात आमच्या भिंतींना बुरा येतो त्याने?" नाही काकू. तो त्या उंदराच्या जनुकातला दोष आहे, तुमच्या भिंतीतला नाही.)

आणि ग्रीसचा, 1991 चा. जॉर्ज कोलियास यांच्या गटाने उंदरात माणसाचं टीएनएफ हे दाहक रसायन जास्त बनेल अशी सोय केली. तेवढ्यानेच सगळ्या उंदरांचे सांधे बिघडले. टी आणि बी पेशी काढून टाकल्या तरी बिघडले.

शेवटी दोषी पेशी कोणती?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि याचं खरं उत्तर आहे: तुम्ही कोणत्या उंदराला विचारताय? कोलॅजेनच्या उंदराला विचाराल तर तो म्हणेल टी आणि बी दोन्ही. के/बीएक्सएनचं रक्तद्रव्य साध्या उंदराला टोचा. टी नको, बी नको, दोन दिवसांत पाय सुजतो. ग्रीसचा उंदीर म्हणेल, टीएनएफ द्या, बाकी माझं मी बघतो. कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येक जण आजाराच्या एकेका टप्प्याची साक्ष देतोय: ओळख कशी चुकते, चुकीची प्रतिपिंडं कशी बनतात, सांध्यात आग कशी पेटते, हाड कसं जातं. ही गोष्ट नीट समजली की पुढची सगळी उत्तरं सोपी जातात.

टी पेशी नेमकं काय करतात?

हुकूम सोडतात. कोलॅजेनचे तुकडे दाखवले गेले की सहायक टी पेशी जाग्या होतात, बी पेशींना प्रतिपिंडं बनवायला लावतात आणि भक्षकपेशींना चिथावतात.

इथली एक कथा मला फार शिकवून गेली. बराच काळ समज होता की आयएल-12 हे रसायन आणि त्याने घडणाऱ्या, गॅमा इंटरफेरॉन सोडणाऱ्या टी पेशी या आजाराच्या मुळाशी आहेत. पण गॅमा इंटरफेरॉनची खूण न वाचता येणाऱ्या उंदरांना आजार कमी व्हायच्या ऐवजी जास्त झाला! कोडं 2000 नंतर सुटलं. आयएल-12 चे दोन भाग असतात, आणि त्यातला एक भाग आयएल-23 या वेगळ्या रसायनातही असतो. आधीचे प्रयोग नकळत दोघांनाही बंद करत होते. 2003 मध्ये दोन्ही वेगवेगळे काढून पाहिले. फक्त आयएल-23 नसलेल्या उंदरांना सांध्याचा आजार झाला नाही, फक्त आयएल-12 नसलेल्यांचा बळावला. म्हणजे वर्षानुवर्षं पकडलेला आरोपी उलट आग आवरत होता. आयएल-23 च्या जोरावर वाढणाऱ्या, आयएल-17 सोडणाऱ्या टी पेशी, ज्यांना टीएच-17 म्हणतात, त्या पुढे आल्या.

बी पेशी?

त्या प्रतिपिंडांचा कारखाना. बी पेशी नसलेल्या उंदरांना कोलॅजेनचा आजार होत नाही. माणसांत बी पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब 2006 पासून आमवातासाठी मान्य आहे.

रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल लिहिलेलं असतं. त्यांचा यात हात आहे?

आहे, आणि मोठा. न्यूट्रोफिल ही पांढऱ्या पेशींचीच एक जात. आमवाताने सुजलेल्या गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात बहुधा सगळ्यात जास्त पेशी न्यूट्रोफिलच असतात. के/बीएक्सएनच्या रक्तद्रव्याच्या प्रयोगात न्यूट्रोफिल आधीच काढून टाकले तर उंदराचा पाय सुजत नाही. सूज आल्यावर सुरुवातीच्या दिवसांत काढले तरी ती ओसरते. आत शिरलेले पहिले न्यूट्रोफिल रसायन सोडून मागच्यांना बोलावतात, ते आणखी मागच्यांना. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोन-चार जणांनी दोरीला हात घातला की किनाऱ्यावरची माणसं आपोआप धावून येतात, अगदी तसं.

एक फरक लक्षात ठेवा. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असतात, उंदराच्या रक्तात ते जेमतेम दहा ते पंचवीस टक्के. दोघांचं सैन्य सारखं नाही.

मास्ट पेशींबद्दल दोन पुस्तकांत दोन वेगळी उत्तरं आहेत. कोणतं खरं? *(एका बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न)*

दोन्ही प्रामाणिकपणे लिहिलेली आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न मला आवडला. (मास्ट पेशी म्हणजे ॲलर्जीत खाज-सूज आणणारी रसायनं सोडणाऱ्या पेशी.) 2002 साली प्रसिद्ध झालं की मास्ट पेशी नसलेल्या उंदरांना के/बीएक्सएनचं रक्तद्रव्य टोचलं तर सांधे सुजत नाहीत, आणि मास्ट पेशी परत घातल्या की सुजतात. पुरावा पक्का वाटला. पण ते उंदीर 'मास्ट पेशी नसलेले' होते ते किट नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे, आणि हे जनुक इतर रक्तपेशींनाही लागतं. त्यांच्यात न्यूट्रोफिलही कमी होते. किटमध्ये वेगळ्या प्रकारचा बिघाड असलेल्या दुसऱ्या जातीचे उंदीर घेतले, तर मास्ट पेशी नसूनही सांधे सुजले. 2011 मध्ये किटला हात न लावता फक्त मास्ट पेशी नाहीशा केलेले उंदीर तयार झाले, आणि त्यांना आजार अगदी नेहमीसारखा झाला.

म्हणून मुली, परीक्षेत लिहिताना 'कोणत्या उंदरात' हे आधी लिही. एक पेशी काढली असं आपण म्हणतो तेव्हा सोबत आणखी काय निघून गेलं, हे विचारायची सवय या वादाने आम्हा सगळ्यांना लावली.

भक्षकपेशी म्हणजे मॅक्रोफेज वाईट असतात का?

सरसकट नाही. टीएनएफसारखी दाहक रसायनं ओतणाऱ्या मॅक्रोफेज असतातच. पण 2019 मध्ये दिसलं की निरोगी सांध्यात अस्तराच्या कडेला एका वेगळ्या जातीच्या मॅक्रोफेज एकमेकींना घट्ट चिकटून कुंपण घालतात, त्वचेच्या पेशींसारख्या. गडग्याचे दगड जसे चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले असतात तशा. आजार सुरू झाला की हे कुंपण सुटतं आणि बाहेरच्या पेशी आत येतात. उंदरांत या कुंपणाच्या पेशी मुद्दाम काढल्या तर सूज लवकर आणि जास्त आली. 'मॅक्रोफेज मारणारं औषध' अशी बातमी कधी वाचलीत तर कोणत्या मॅक्रोफेज, हे विचारा.

हाड कोण खातं?

ऑस्टिओक्लास्ट. भक्षकपेशींच्याच कुळातल्या, अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी. त्यांना जन्माला घालणारा रँकल नावाचा निरोप ज्या उंदरांत नाही, त्यांचे सांधे सुजले तरी हाड बरंचसं शाबूत राहिलं. सूज आणि झीज या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे त्यातून कळलं. माझ्या आईची सूज दुसऱ्या वर्षी कुठल्याशा पुडीने उतरली होती. पुडीत काय होतं ते देणाऱ्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी एक्स-रे काढला तेव्हा मनगटाच्या हाडांना कुरतडल्यासारख्या खाचा होत्या. दुखणं कमी झालं म्हणून आजार थांबला असं धरू नका.

हे सगळं थांबवणाऱ्या पेशी शरीरात नसतात का?

असतात! त्यांना नियामक टी पेशी म्हणतात, आणि 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांच्यासाठीच मिळालं: शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना. साकागुचींनी 1995 मध्ये उंदरांत या पेशींची ओळख पटवली. ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये एका खपल्या पडलेल्या, अशक्त उंदरांच्या जातीतून फॉक्सपी-3 हे जनुक शोधलं. ते नसेल तर या पेशी बनतच नाहीत आणि शरीर स्वतःवर तुटून पडतं. वर सांगितलेला एसकेजी उंदीरही साकागुचींच्याच गटाचा.

कोलॅजेनच्या उंदरातून नियामक पेशी काढल्या की आजार बळावतो, बाहेरून घातल्या की सौम्य होतो. आपल्या पुण्यातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये 2011 साली दाखवलं गेलं की आयएल-3 हे रसायन दिल्यावर याच उंदरांत नियामक पेशी वाढतात आणि सांध्याचा आजार कमी होतो. माणसांसाठी अशा पेशींचा उपचार अजून संशोधनातच आहे. तो मिळतो असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

चिकुनगुनिया होऊन गेला, पण सांधे महिनोन्महिने दुखतायत. हाच आजार का?

2006 च्या साथीनंतर आपल्या किनारपट्टीला हा प्रश्न चांगलाच ओळखीचा झाला. चिकुनगुनियानंतरचं दुखणं आमवातासारखं दिसतं. तीच छोटी बोटं, तोच सकाळचा आखडलेपणा. पण सुरुवात विषाणूने होते. उंदराच्या पावलात हा विषाणू टोचला तर सहा-सात दिवसांनी पाऊल सर्वांत जास्त सुजतं. सीडी-4 टी पेशी (वर सांगितलेल्या सहायक टी पेशी) नसलेल्या उंदरांत ही सूज बरीच कमी दिसली, विषाणू अंगात असूनही. म्हणजे दुखण्याचा मोठा वाटा विषाणूचा नसून त्याच्यावर धावून गेलेल्या पेशींचा. बहुतेकांचं हळूहळू बरं होतं. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेले असतील तर मात्र तपासून घ्या, नुसत्या दुखण्याच्या गोळ्यांवर दिवस काढू नका.

उंदरांवरच्या या कामाचा माणसाला खरंच फायदा झाला?

झाला, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण टीएनएफ. लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने आधी रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी पाहिल्या, मग कोलॅजेनच्या उंदरांना टीएनएफ रोखणारं प्रतिपिंड दिलं. महत्त्वाचं म्हणजे सूज आल्यावर देऊनही ते लागू पडलं. 1992 मध्येच चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना हे औषध दिलं गेलं, आणि वर्षानुवर्षं आखडलेली माणसं काही आठवड्यांत जिने चढू लागली. दोघांना 2003 चा लास्कर हा वैद्यकशास्त्रातला मोठा पुरस्कार मिळाला.

धोक्याची सूचनाही उंदरांनीच दिली होती. टीएनएफची खूण न वाचता येणारे उंदीर क्षयाच्या जंतूंपुढे टिकत नाहीत, हे 1995 मध्ये दिसलं. माणसांत तेच झालं: हे औषध घेणाऱ्या काहींच्या अंगात दबून बसलेला टीबी उसळला. म्हणून आता औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतात. आपल्या देशात तर ती कधीच टाळू नका.

आणि फसगत?

तीही झाली. उंदरांत टीएच-17 पेशी इतक्या महत्त्वाच्या, मग आयएल-17 रोखलं की आमवात बरा होईल असं वाटलं. सोरायसिसच्या सांधेदुखीत आणि मणक्याच्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये ते औषध उत्तम चाललं. आमवातात अपेक्षेइतकं चाललं नाही. सीडी-4 टी पेशी संपवणारी प्रतिपिंडं उंदरांत गुणकारी ठरली होती, 1990 च्या दशकात रुग्णांवर ती निष्प्रभ ठरली. टी पेशी न मारता त्यांना जागं करणारा दुसरा इशारा फक्त अडवणारं अबाटासेप्ट मात्र यशस्वी झालं.

सगळ्यात दुःखद प्रसंग 13 मार्च 2006 चा, लंडनचा. टीजीएन-1412 हे औषध नियामक टी पेशी वाढवेल अशी आशा होती. माकडांना जेवढं सुरक्षित ठरलं त्याच्या पाचशेव्या हिश्शाएवढा डोस सहा निरोगी तरुणांना दिला. दीड तासाच्या आत ते तापाने फणफणले, एकेक अवयव निकामी होऊ लागला. सहाही जण वाचले, पण एकाची बोटं गेली. नंतर उलगडलं की ज्या अनुभवी टी पेशींनी माणसांत हा वणवा पेटवला, त्यांच्यावर ते औषध चिकटायची जागा त्या माकडांत नसतेच.

"उंदरांमधला संधिवात बरा झाला" अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली. विश्वास ठेवू का?

चार गोष्टी शोधा. कोणता उंदीर? औषध सूज येण्याआधी दिलं की नंतर? आधी दिलेलं औषध लस देण्यासारखं असतं, आणि दवाखान्यात येणाऱ्या माणसाचा सांधा आधीच सुजलेला असतो, त्यामुळे मी तरी 'आधी'वाल्या बातमीला फार वजन देत नाही. फक्त सूज मोजली की हाडही पाहिलं? आणि दुसऱ्या जातीच्या उंदरात करून बघितलं का? यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर ती बातमी आईवडिलांना पुढे पाठवू नका. फुकट आशा लागते.

इथे उंदीर म्हटलं की लेप्टोची भीती. प्रयोगशाळेतल्या उंदरांपासून नाही का होत?

ते उंदीर पिढ्यानपिढ्या स्वच्छ, बंद खोल्यांत वाढलेले असतात, ठरावीक जंतूंसाठी तपासलेले. शेतातल्या उंदराशी त्यांची गाठ पडत नाही. भातलावणीला पायाला जखम असताना चिखलात उतरू नका, हे मात्र आहेच.

मुक्या जिवांचे हाल करणं पटतं तुम्हाला?

सोपं कधीच गेलं नाही. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, आणि प्रत्येक संस्थेतल्या नैतिक समितीच्या परवानगीशिवाय एकही उंदीर घेता येत नाही. प्राण्याऐवजी दुसरी पद्धत चालेल का, संख्या कमी करता येईल का, त्रास कमी करता येईल का, ही रसेल आणि बर्च यांची 1959 मधली त्रिसूत्री आम्हाला प्रत्येक अर्जात उत्तरासकट लिहावी लागे. पाय सुजलेल्या उंदराला मऊ गादी घालायची, पाणी-खाणं तळाशीच ठेवायचं म्हणजे त्याला वर ताणावं लागत नाही, आणि ठरलेल्या गुणांपलीकडे त्रास गेला की प्रयोग तिथेच थांबवायचा. 2023 मध्ये भारताच्या औषधविषयक नियमांत बदल होऊन मानवी पेशींपासून बनवलेल्या पद्धतींनाही जागा मिळाली. त्या जिथे पुरतात तिथे उंदीर वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सांध्याचं अस्तर, रक्त, लसिकाग्रंथी आणि हाड यांचा एकत्र खेळ मात्र अजून बशीत उभा करता येत नाही.

मासे बंद करू का? निगडीचा (निर्गुडीचा) पाला बांधला तर चालेल?

आमवातासाठी बांगडा-तारली सोडायचं कारण नाही, माशातलं तेल उलट थोडं मदतीचंच. युरिक ॲसिडवाल्यांचं पथ्य वेगळं. त्यांचं ऐकून आपलं ताट बदलू नका. निगडीच्या पाल्याचा शेक बरा वाटत असेल तर घ्या. फक्त त्या भरवशावर गोळी चुकवू नका.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का? रोज घेतली तर लवकर गुण येईल ना?

रोज घ्यायची नाही. हे वाक्य दोनदा वाचा. जास्त डोसमध्ये हे कर्करोगाचं औषध आहे. आमवातात थोड्या डोसात ते वेगळं काम करतं. 1993 मध्ये उंदरांच्या पाठीवर हवेची छोटी पिशवी करून, तिच्यात दाह निर्माण करून पाहिलं, तेव्हा मेथोट्रेक्सेट दिलेल्या उंदरांत तिथे ॲडिनोसिन हे दाह आवरणारं रसायन वाढलं आणि आत येणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. हा परिणाम आठवड्याच्या एका डोसाने मिळतो. चुकून रोज घेतली तर अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणं थांबतं, तोंडात फोड येतात, माणूस दगावू शकतो. चिठ्ठीवरचं इंग्रजी वाचता न आल्याने असं झालेलं मी आमच्या तालुक्यातच पाहिलंय.

म्हणून दिवस ठरवून घ्या. फॉलिक ॲसिडची गोळी कोणत्या दिवशी, तेही विचारून लिहून ठेवा, आणि रक्ततपासणी चुकवू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, हे औषध गर्भाला चालत नाही. आईने रविवार निवडलाय. स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेल्या कॅलेंडरवर गोळी घेतल्यावर ती पेन्सिलीने फुली मारते. पेन्सिल तिथेच सुतळीला बांधलेली आहे. आठवड्यात कुणीही विचारलं, "आज गोळी घेतली का गो?", तर ती उत्तर देण्याआधी उठून फुली बघून येते.